तारण कोणाच्या तिजोरीत?

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या संघीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रँडल क्रेटर या इसमास शंभर महिन्यांच्या कारावासाची शिक्षा फर्मावली. ‘माय बिग कॉइन’ नावाचे एक आभासी चलन या इसमाने २०१४ ते २०१७ या काळात लोकांच्या गळ्यात बांधले होते. या चलनामागे तीस कोटी डॉलर किमतीचे सोने तारण म्हणून ठेवलेले आहे, खेरीज तेलासारखी इतर मालमत्ताही त्याच्या पाठीशी आहे, असे गिऱ्हाइकांना सांगितले जात असे. वस्तुतः सोने नव्हते, तेल नव्हते आणि हे चलन बाजारात सहज वटते हा दावाही खोटाच होता. लोकांनी विश्वासाने दिलेल्या साठ लाखांहून अधिक डॉलरांतून कलाकृती, जुन्या मौल्यवान वस्तू आणि दागिने यांची खरेदी मात्र झाली. तारणाचे सोने कोणाच्याही दृष्टीस पडले नाही.

याच बोस्टन शहरात त्याच्या एकशे तीन वर्षे आधी, म्हणजे १९२० साली, चार्ल्स पाँझी याने आपले दुकान थाटले होते. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे त्याचे आश्वासन होते. फसवणुकीच्या या प्रकाराला जगभर त्याचे नाव चिकटले हे सर्वज्ञात आहे; परंतु त्यानेही एका मालमत्तेचा हवाला दिला होता, याचे स्मरण फार थोड्यांना असते. परदेशांत स्वस्तात मिळणारी टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपने विकत घ्यावयाची आणि अमेरिकेत ती अधिक किमतीच्या तिकिटांत बदलून घ्यावयाची, असा आपला व्यवहार असल्याचे तो सांगे. कुपने खरी होती, किमतींतील तफावतही खरी होती. पुढे क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने साधा हिशेब मांडला. पाँझीकडे जमलेल्या रकमेला पुरे पडावयाचे तर सोळा कोटी कुपने हवीत. चलनात असलेली कुपने अवघी सत्तावीस हजारांच्या आसपास. हिशेब एका ओळीचा होता, पण तो मांडला जाईपर्यंत हजारो लोकांनी आपली पुंजी त्याच्या हवाली केली होती.

शंभर वर्षांत साधने बदलली. कुपनांच्या जागी संगणकावरील टोकन आले आणि दुकानाच्या जागी भ्रमणध्वनीवरील ॲप आले. तारणाची थाप मात्र जशीच्या तशी टिकून आहे. ती का टिकते आणि सुशिक्षित माणसेही तिला का भुलतात, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

तारण म्हणजे काय?

वास्तविक तारण या शब्दाचा अर्थ मराठी मध्यमवर्गाला कोणी शिकवावयास नको. मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी पतपेढीत सोनेतारण कर्ज काढावयास गेलेल्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा अनुभव कसा असतो? ‘माझ्याकडे दहा तोळे सोने आहे’ एवढ्या त्याच्या शब्दावर कोणी दमडीही देत नाही. पतपेढीने नेमलेला सराफ दागिना कसोटीवर घासतो, खडे आणि लाख यांचे वजन वजा करतो, निव्वळ सोन्याची किंमत ठरवतो आणि त्या किमतीपेक्षा कमीच रक्कम कर्जाऊ मिळते. दागिना सीलबंद होऊन पतपेढीच्या तिजोरीत जातो, घेणाऱ्याच्या कपाटात राहत नाही. जमीन तारण असेल तर सातबाराच्या उताऱ्यावर बोजा चढतो आणि तो उतरल्याखेरीज जमिनीचा सौदा होत नाही. हप्ते थकले तर दागिन्याचा लिलाव करण्याचा हक्क पतपेढीला असतो व तो कायद्याने बजावता येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तारण म्हणजे केवळ एखादी वस्तू नव्हे. वस्तू अस्तित्वात असणे, ती देणाऱ्याच्या मालकीची असणे, तिची किंमत तिऱ्हाइताने ठरवलेली असणे आणि बुडवेगिरी झाल्यास तिच्यावर हात टाकण्याचा हक्क आपल्यापाशी असणे, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे तारण होते. यांतील एक जरी निखळली तरी उरते ती केवळ वस्तूची कथा.

आता उलट बाजू पाहावी. आभासी चलनाच्या योजनेत हाच शिक्षक किंवा हाच कारकून पैसे घालतो, तेव्हा कर्ज देणाऱ्याच्या जागी तो स्वतः बसलेला असतो. पतपेढीने त्याला जे प्रश्न विचारले, ते सारे प्रश्न विचारण्याचा अधिकार आता त्याचा असतो. परंतु सावकाराच्या गादीवर बसूनही तो ऋणकोच्याच नम्रतेने वागतो. समोरचा म्हणतो, ‘दुबईत सोने आहे’, ‘आफ्रिकेत खाण आहे’, आणि हा मान हलवतो. ज्याने स्वतःच्या बायकोच्या पाटल्या कसोटीवर घासलेल्या पाहिल्या, त्याने दुसऱ्याच्या खाणीची माती तरी मागून पाहावयास हवी होती. या योजनांचे सारे यश तो ती मागत नाही यावर अवलंबून असते.

थापेचे प्रकार

उघडकीस आलेली प्रकरणे चाळली असता या थापेचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे वस्तूच अस्तित्वात नसणे. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये माक्सिम झास्लाव्हस्की याने ‘रीकॉइन’ आणि ‘डायमंड रिझर्व्ह क्लब’ अशी दोन टोकने विक्रीस काढली. एकामागे घरे-जमिनी आहेत आणि दुसऱ्यामागे हिरे आहेत, असे त्याने जाहीर केले. अमेरिकेच्या रोखे आयोगाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कारवाई केली, तेव्हा एक इंचभर जमीन किंवा एक हिरादेखील खरेदी झालेला नव्हता. २०१८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च २०२० मध्ये याच आयोगाने ‘मेटा वन कॉइन’ या टोकनाविरुद्ध फिर्याद दाखल केली. या टोकनामागे शंभर कोटी डॉलरांचा चित्रसंग्रह किंवा दोनशे कोटी डॉलरांचे सोने असल्याचे सांगितले जात होते आणि परताव्याची आश्वासने दोन लाख टक्क्यांच्याही पुढे गेली होती. वॉशिंग्टन राज्याचा एक माजी सिनेटर या प्रकरणातील आरोपींपैकी एक होता. प्रतिष्ठित नाव पाहून गिऱ्हाईक कसोटीचा दगड खिशातच ठेवतो, हे योजनाकार पुरते जाणून असतात.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. यात सोन्याचे किंवा जमिनीचे नाव घ्यावे लागत नाही. यंत्रसामग्रीचे आणि गणिताचे नाव घेतले जाते. बिटकॉइन या चलनाचे नवे नाणे मिळवण्यासाठी शक्तिशाली संगणक अहोरात्र चालवावे लागतात आणि या उद्योगाला रूढ भाषेत ‘खाणकाम’ म्हणतात. प्रत्येक व्यवहाराची नोंद ‘ब्लॉकचेन’ या सामायिक खातेवहीत होते व ती कोणालाही ताडून पाहता येते. या खऱ्या गोष्टीचा आडोसा घेऊन बल्गेरियाच्या सोफिया शहरातून रुजा इग्नातोवा आणि कार्ल ग्रीनवूड यांनी २०१४ मध्ये ‘वनकॉइन’ उभे केले. आपल्या खाणी आहेत, आपली स्वतंत्र खातेवही आहे, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेच्या न्यायखात्याने न्यायालयापुढे जे मांडले त्यावरून या चलनाला खरी ब्लॉकचेन नव्हती आणि त्याची किंमत बाजार ठरवत नव्हता. ती कंपनी स्वतःच ठरवत होती. अर्ध्या युरोपासून निघालेली ही किंमत जवळजवळ तीस युरोंपर्यंत गेली आणि या प्रवासात ती एकदाही खाली आली नाही. ज्या वस्तूचा भाव वर्षानुवर्षे केवळ चढतो, तिचा भाव विकणाराच फळ्यावर लिहीत असतो, एवढे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही पस्तीस लाखांहून अधिक लोकांनी चारशे कोटी डॉलरांहून अधिक रक्कम या फळ्यापुढे ठेवली.

वनकॉइनची टोकने ‘शिक्षणाच्या संचा’तून विकली जात, ही गोष्ट शिक्षकवर्गाने ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्थविषयक पाठांचा संच विकत घ्या, त्यासोबत टोकने मिळतील, अशी मांडणी होती. इग्नातोवा २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सोफियाहून अथेन्सला विमानाने गेली आणि तेथून बेपत्ता झाली. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२ मध्ये तिचे नाव दहा प्रमुख फरारी गुन्हेगारांच्या यादीत घातले. ग्रीनवूडला सप्टेंबर २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे मानण्याचे कारण नाही. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या प्रचारसभेवर कारवाई करून अठरा जणांना अटक केली होती. इग्नातोवा पळून जाण्याच्या सहा महिने आधी आपल्या दारात ही घंटा वाजली होती.

तिसरा प्रकार असा की, वस्तू खरोखर अस्तित्वात असते, पण टोकनधारकाचा तिच्यावर काडीइतका हक्क नसतो. व्हेनेझुएला सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘पेट्रो’ हे चलन काढले. ही पिरॅमिड योजना नव्हती. तो एका अडचणीत आलेल्या सरकारचा उपक्रम होता. ओरिनोको खोऱ्यातील पाचशे कोटी पिंपे तेल या चलनाला आधार आहे असे जाहीर करण्यात आले. तेथे तेल आहे याविषयी कोणालाही शंका नव्हती. परंतु ते जमिनीखाली होते आणि पेट्रो घेऊन जाणाऱ्याला त्यातील एक पिंपही मागण्याची सोय नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये हे चलन गुंडाळण्यात आले. सरकारचा शिक्का असूनही जेथे तारणाचे तारणपण सिद्ध होत नाही, तेथे भाड्याच्या सभागृहात सरकपट्ट्या दाखवणाऱ्या कंपनीची काय कथा!

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला यातील कोणताही प्रकार नवा नाही. १९९० नंतरच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे देशभर पीक आले होते. काही हजार रुपयांत एक रोप घ्यावे, वीस वर्षांनी लाखांचे लाकूड पदरात पडेल, असा त्यांचा सूर असे. रोप ज्या जमिनीत लावले तिच्या सातबारावर कोणाचे नाव आहे, हे तलाठ्याकडे जाऊन पाहण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. शेवटी १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियमावली करावी लागली आणि राज्यात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा त्याच वर्षी आला.

त्यानंतर दोन दशकांच्या आतच ‘गेनबिटकॉइन’चे प्रकरण घडले. बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही ते खाणकामात गुंतवू आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देऊ, असे अमित भारद्वाज याच्या या योजनेचे आश्वासन होते. नवे सदस्य आणणाऱ्यास दलाली मिळे. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार २०१७ च्या सुमारास नव्या पैशांचा ओघ आटला, तेव्हा कंपनीने परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या स्वतःच्याच टोकनात देण्यास प्रारंभ केला आणि त्याचे मोल बिटकॉइनच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. खरे नाणे देऊन लोकांच्या हाती खुळखुळा आला. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये भारद्वाज याला अटक केली. खटला निकाली निघण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. २०१७ च्या भावाने सहा हजार सहाशे कोटी रुपयांचे बिटकॉइन या योजनेत गोळा झाले, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ मधील आदेशानंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि त्या विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये साठहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. पैसे दिल्यापासून झडत्यांपर्यंत आठ वर्षे उलटली होती. या काळात कित्येकांची निवृत्ती आली, मुलांची शिक्षणे आली, आजारपणे आली. पुंजी नेमकी ज्या दिवसांसाठी राखून ठेवली होती, ते दिवस पुंजीवाचून गेले.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादर येथे ‘टोरेस’ या दागिन्यांच्या दुकानासमोर जमाव जमला, तेव्हा हेच चित्र वेगळ्या रंगात दिसले. तेथे गिऱ्हाइकाच्या हाती खरोखरच खडा दिला जात होता. तो मोइसनाइट नावाचा, प्रयोगशाळेत घडवलेला चकचकीत खडा होता आणि त्याच्या खरेदीवर दर आठवड्यास परतावा देण्याचे आश्वासन होते. परतावे थांबल्यावर लोकांच्या मुठीत खडा राहिला आणि पोलिसांत फिर्याद दाखल झाली. वस्तू हाती असली म्हणजे तारण हाती आले असे नव्हे, हा धडा या प्रकरणाने घालून दिला. तिचे मोल विकणाऱ्यानेच सांगितलेले असेल, तर ती वस्तू म्हणजे पावतीचाच एक प्रकार होय.

नात्यांचे भांडवल

या योजनांत तारणाच्या थापेचे काम नेमके काय, हे पिरॅमिडची रचना पाहिल्यावर उमगते. प्रत्येक सदस्याने सहा नवे सदस्य आणावयाचे असा नियम धरला, तर दहाव्या पायरीवर सहा कोटींहून अधिक माणसे लागतात, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मी. तेराव्या पायरीला तेराशे कोटी लागतात आणि तेवढी माणसे पृथ्वीच्या पाठीवर नाहीत. म्हणजे ही इमारत कोसळणार हे तिच्या आराखड्यातच लिहिलेले असते. अशा स्थितीत ‘नव्याच्या पैशांतून जुन्याला देऊ’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर सख्खा भाऊदेखील देणार नाही. मागणाऱ्यालाही मागण्याची लाज वाटेल. ‘मागे सोने आहे’ या तीन शब्दांनी ही लाज झाकली जाते. सभासद आणणाऱ्याला वाटते, आपण कोणास फसवत नाही; आपण एक चांगली संधी आपल्या माणसांपर्यंत पोहोचवीत आहोत. तारणाची कथा अशा रीतीने गिऱ्हाइकापेक्षाही विक्रेत्याच्या मनाचे समाधान करते आणि तो विक्रेता बहुधा कालचे गिऱ्हाईकच असतो.

शिक्षक आणि कार्यालयातील ज्येष्ठ कर्मचारी यांच्यावर या मंडळींचा डोळा असतो, तो त्यांच्याजवळ फार पैसा असतो म्हणून नव्हे. गावात गुरुजींच्या शब्दाला जे वजन असते ते विकत मिळत नाही. गुरुजींनी पैसे घातले असे कळले की पालक घालतात, माजी विद्यार्थी घालतात, पतपेढीतील सहकारी घालतात. तीस वर्षांच्या नोकरीत साठवलेली ही पत योजनाकाराला एका दलालीच्या मोबदल्यात मिळते. पुढे योजना बुडाली म्हणजे तो परदेशी असतो आणि गुरुजी गावातच असतात. गेलेले पैसे हे नुकसान मोजता येते. ज्या माणसाकडे लोक सल्ला विचारावयास येत, त्याच्या दारावरून ते मान खाली घालून जाऊ लागतात, हे नुकसान कोणत्याही फिर्यादीत नोंदवले जात नाही.

कायदाही येथे डोळेझाक करीत नाही. १९७८ च्या बक्षीस चिठ्ठी व पैसा फिरवण्याच्या योजनांवरील बंदीच्या कायद्याने अशी योजना चालवणे तर गुन्हा ठरवलेच, पण तिचे सभासद होणे आणि तिच्यात भाग घेणेही निषिद्ध केले आहे; शिक्षा तीन वर्षांच्या कारावासापर्यंत असू शकते. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड पद्धत वर्ज्य ठरवली आहे. तेव्हा ‘मीही फसलोच की’ हे उत्तर, ज्याने दहा जणांना सभासद करून घेतले त्याला पुरेसे पडेलच असे नाही.

रुपयाचा दाखला

या योजनांचे प्रचारक एक युक्तिवाद हमखास करतात. ‘रुपयाच्या नोटेमागे तरी कुठे सोने आहे? मग आमच्याच नाण्याला तारण का विचारता?’ हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. रुपयाच्या प्रत्येक नोटेमागे तितक्याच किमतीचे सोने नाही, हे खरे. १९५७ पासून भारतात किमान राखीव निधीची पद्धत आहे. परंतु रिझर्व्ह बँक आपला जमाखर्च दर आठवड्यास प्रसिद्ध करते, नोट नाकारण्याची मुभा कोणाला नाही आणि सरकार आपला कर याच नोटांत स्वीकारते. मुख्य म्हणजे रुपया वर्षात दुप्पट होईल असे वचन रिझर्व्ह बँकेने कोणालाही दिलेले नाही. जे चलन स्वतःच स्वतःच्या वाढीची हमी देते, ते चलन राहत नाही. ते विक्रीस काढलेले आश्वासन होते. आणि ज्याने सोन्याचे नाव आपण होऊन घेतले, त्याला सोने दाखवण्यास सांगणे यात अन्याय कोणता?

सोन्याचा आधार असलेली कागदी गुंतवणूक प्रामाणिकपणे चालवता येतच नाही, असेही नाही. भारतात २००७ पासून सुवर्ण-निधीची युनिटे शेअरबाजारात मिळतात. त्यांच्यामागचे सोने निधी चालवणाऱ्या कंपनीपासून अलग, अभिरक्षकाच्या ताब्यात असते आणि सेबीच्या नियमाने लेखापरीक्षकाला ते ठराविक मुदतीने प्रत्यक्ष पाहावे लागते. भाव चढतो तसा उतरतोही आणि त्याची हमी कोणी देत नाही. आभासी चलनांच्या जगातही ‘टेदर’ या डॉलरशी बांधलेल्या नाण्याच्या कंपनीला अमेरिकेच्या वायदेबाजार आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये चार कोटी दहा लाख डॉलरांचा दंड केला. २०१६ ते २०१८ मधील सव्वीस महिन्यांच्या तपासलेल्या काळात, जाहीर केल्याप्रमाणे पुरेशी गंगाजळी अवघ्या २७.६ टक्के दिवशीच तिच्याजवळ होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. टेदर ही पिरॅमिड योजना नव्हे. तरीही तिऱ्हाइताने तिजोरी उघडून पाहिल्याखेरीज तारणाचा दावा मान्य करू नये, हे यातून दिसतेच.

सरकारने काय केले, हा प्रश्न येथे साहजिक आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच आभासी चलनांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द ठरवला. २०२१ मध्ये एक विधेयक संसदेच्या कामकाजपत्रिकेवर आले, परंतु मांडले गेले नाही. २०२२ मध्ये नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला आणि २०२३ मध्ये काळा पैसा प्रतिबंधाच्या कायद्याखाली या व्यवहारांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. कर लागला म्हणजे सरकारने मान्यता दिली, असा प्रचार करण्यास योजनाकारांना यातून आयतेच निमित्त मिळाले. कर उत्पन्नावर लागतो. उत्पन्नाच्या साधनाला तो सचोटीचे प्रमाणपत्र देत नाही, ही गोष्ट सरकारनेच अधिक ठणकावून सांगावयास हवी होती.

तथापि कायदा हा बहुधा गाडी चुकल्यावरच स्थानकात पोहोचतो. तोपर्यंत रक्षण करते ते सामान्य माणसाचे व्यवहारज्ञान आणि ते त्याच्याजवळ भरपूर आहे. सोने कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कोणी तोलले आणि उद्या आपण ते मागितले तर कोणत्या कायद्याने मिळेल, हे चार प्रश्न पतपेढीचा साधा कारकून रोज विचारतो. शिक्षकांच्या खोलीत, कार्यालयाच्या उपाहारगृहात किंवा भाऊबंदांच्या बैठकीत कोणी नव्या नाण्याची गोष्ट काढील, तेव्हा हेच चार प्रश्न मोठ्याने विचारले जावेत. विचारणाऱ्याला क्षणभर वाईटपणा येईल. समोरचा बहुधा आपलाच मेहुणा किंवा जुना सहकारी असेल. पण हा वाईटपणा घेण्यास एकही जण पुढे आला नाही, तर त्या बैठकीतील प्रत्येकाची पुंजी आणि त्यांचे एकमेकांशी असलेले बोलणे, दोन्ही पणाला लागलेले असते.